शॉकअपला आराम

सायखेड्याचा बागाईतदार कारभारी बोरस्ते याला दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक त्याची थॉमसन द्राक्षांची बाग आणि दुसरी देवळालीच्या लष्करी लिलावातून उचललेली जुनी पिकअप. बागेत तो चपला काढून शिरायचा आणि पिकअपमध्ये पाय झटकून बसायचा. त्र्याऐंशी सालच्या दिवाळीत त्याच्या डोक्यानं घेतलं, की ही गाडी बुटकी आहे.

तसं कारणही होतं. बागेची वाट काळ्या मातीतली. बैलगाड्यांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मधे मातीचा उंचवटा. गाडीचं पोट त्या उंचवट्याला घासायचं, आणि ते घासलं की कारभारीच्याच पोटात कालवायचं. शेवटी त्यानं एका लोहाराला गाठलं, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पानं घालून घेतली, खाली लोखंडी ठोकळे दिले, पुढूनही उचलली आणि गाडी चांगली वीतभर उंच करून घरी आणली. गाव बघायला लोटलं. "आता हिच्यात चढायला शिडी लागंल," असं कुणीतरी म्हणालं, त्यावर सगळे हसले. कारभारी सगळ्यांत जास्त हसला.

हसली नाही ती फक्त चतुराबाई. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "उंच झाली ते बरं झालं. पन मग खालचं सगळं तेवढंच ऱ्हायलं का?"

कारभारीला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यानं तो ऐकला नाही.

चतुराबाईचं असंच होतं. बाकीच्या बायांना दुपारी भूक लागायची, झोप यायची. हिला प्रश्न पडायचे. वय पन्नाशीकडे झुकलेलं, अंगानं काटकुळी, पण द्राक्षं भरण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारी बाई नव्हती. बौद्धवाड्यातली आणि गावातली मिळून बऱ्याच जोड्या कारभारीच्या बागेत हंगामाला यायच्या. काम जोडीनंच चालायचं. बाईनं घड निवडायचा, कात्रीनं खराब मणी काढायचे, लाकडी पेटीत कागदाच्या कातरणावर घड बसवायचे. तिच्या माणसानं झाकण ठोकायचं आणि पेटी गाडीत चढवायची. एका जोडीच्या पेटीला दुसऱ्या जोडीनं हात लावायचा नाही, म्हणजे एकाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटत नाही. कुणाची पेटी कुठली हे कळावं म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. चतुराबाईची खूण म्हणजे फळीला बांधलेला निळा दोरा.

निळ्या दोऱ्याच्या पेट्या नेहमी शेवटी चढायच्या. नाशकाचा अडत्या गाडीची मागची फळी पाडून तोंडाशी असलेली पेटीच आधी उघडतो, आणि तिथं चतुराबाईचा माल दिसला की तो पुढचं फारसं बघतच नाही, हे कारभारीला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, देवरामलाही त्याचा मोठा डौल. तरुणपणी निफाडच्या बाजारात हमाली केलेला गडी. सगळ्यांच्या पेट्या चढल्या की हा उठायचा, खांदे हलवायचा आणि म्हणायचा, "सरका, आता तोंडाचा माल येऊ द्या."

या हंगामात मात्र नशीब फिरलं. पहिल्या खेपेपासून मणी गळायला लागले. नाशकात पेटी उघडली, की घडाचा सांगाडा वर आणि मणी तळाला. थोडेफार सगळ्यांचेच गळत होते, पण निळ्या दोऱ्याचे सगळ्यांत जास्त. अडत्यानं चारचौघांत सांगितलं, "कारभारीशेठ, त्या बाईचा हात गेला आता."

कारभारीनं ते जसंच्या तसं बागेत येऊन सांगितलं. वर म्हणाला, "चतुराबाई, राग मानू नका. मुंबईला जायचा चांगला माल पुढच्या आठवड्यापासून विमलाबाई भरील. तुमी दोघं गळालेले मनी निवडायला बसा."

मणी निवडायला बसणं म्हणजे काय, हे बागेत सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे गुडघे गेले, त्यांची ती जागा. पण चतुराबाईनं डोळ्यांना पदर लावला नाही.

"दादा," ती म्हणाली, "हात माझा हाय. तो गेला का ऱ्हायला ते मला आधी कळंल. एक डाव मला पेट्यांबरोबर नाशकाला येऊ द्या. गाडीत मागं बसते. काय व्हतंय ते बघते तरी."

"मागं? हाडं मोडतील."

"माझी हाडं द्राक्षापेक्षा टनक हाईत."

देवराम तिथंच झाकणं ठोकत बसला होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा खिळ्यावर हातोडी मारली.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई पेट्यांना टेकून गाडीच्या तोंडाशी बसली. मांडीवर स्टीलचं ताट आणि ताटात मूठभर सुटे मणी. ही काय भानगड, असं विचारायचं कारभारीनं टाळलं. चांदोरीच्या पुढं रस्ता उखडलेला होता. खड्डा आला की ती डोळे ताटावर लावायची. गाडीचं पुढचं अंग एकदा दबायचं आणि गप्प व्हायचं. मागचं अंग मात्र उड्या मारतच राहायचं, आणि प्रत्येक उडीत वर गेलं की खालून 'ठक्क' असा आवाज यायचा. मणी नुसत्या उडीनं ताटातच घरंगळायचे. त्या ठक्क आवाजाला मात्र थेट बाहेर पडायचे. नाशिक येईपर्यंत ताट रिकामं झालं आणि चतुराबाईचं अंग ठणकायला लागलं, पण चेहरा उजळला होता.

माल उतरवून होताच तिनं कारभारीला धरलं. "दादा, गाडी उडती ते कळलं. पन वर गेली की ठेचकाळती कशाला? वर तं आभाळ हाय. तिथं काय आडवं येतं तिला?"

"उंच गाडी हाय, चालायचंच."

"पन ठेचकाळती कशाला?"

रस्ताभर आता हेच ऐकावं लागणार, हे ओळखून कारभारीनं गाडी नाशकातल्याच द्वारका चौकाकडे वळवली. तिथं मुंबई, पुणे, धुळे अशा सगळ्या वाटा एकमेकींत घुसतात, आणि ज्या गाड्यांना पुढं जाता येत नाही त्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत घुसतात. अशाच एका पत्र्याच्या गॅरेजात अब्बास नावाचा कारागीर बसायचा. जाडा, हसरा, कानावर अर्धी विडी. ती तो कधी पेटवायचा नाही.

अब्बास गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "या अल्ला! कारभारीशेठ, गाडी उंच केली, पर याला कोन उंच करनार?"

चतुराबाई लगेच वाकली. मागच्या आसाजवळ दोन बाजूंना दोन लोखंडी नळ्या होत्या, वरचं टोक गाडीच्या सांगाड्याला, खालचं आसाला.

"हे शॉकअप," अब्बास म्हणाला. "पाटा गाडीला झोका देतो, शॉकअप तो झोका धरतो. आता गाडी झाली उंच, आस गेला खाली, शॉकअप जुनाच. उभ्या गाडीतच पूरा ताणून बसलाय. खड्ड्यात चाक अजून खाली जायला बघतं, याची लांबी संपते, हिसका बसतो. ठक्क!"

"तेच ते!" चतुराबाईनं जमिनीवर हात आपटला. "मी काय म्हनत व्हते, दादा?"

अब्बासनं एक जुना शॉकअप सोडवून तिच्या हातात दिला. तो ओढला तर सरकन बाहेर आला, दाबला तर सरकन आत गेला. त्यातला जीव कधीच गेला होता. मग त्यानं एक नवा दिला. चतुराबाईनं त्याचं एक टोक पायाखाली धरलं आणि दुसऱ्याला जोरात हिसका दिला. शॉकअप जागचा हलला नाही. तिनं पुन्हा हिसका दिला. पुन्हा तेच.

"हळू, भाभी. बिलकुल हळू."

तिनं नुसता ताण देऊन धरून ठेवला. आणि बघता बघता दांडा आपणहून बाहेर यायला लागला, दमानं, न अडता.

"आत तेल हाय," अब्बास म्हणाला. "बारीक भोकातून जातं. हळू ओढलं तर वाट देतं. हिसका मारला की अडून बसतं."

चतुराबाईनं तो परत दाबला, परत ओढला, आणि असं कितीतरी वेळ करत बसली. कारभारीला भूक लागली होती. "चला, आता बसवून टाका कुठलेतरी," तो म्हणाला.

पण कुठलेतरी बसवून चालणार नव्हतं. अब्बासनं गोणपाटावर तीन जोड्या मांडल्या. पहिली, गाडीबरोबर मूळ येणारी. दुसरी ट्रकची, मनगटाएवढी जाड. तिसरी कुठल्याशा लांब जीपची, दिसायला अगदीच किडकिडीत.

कारभारीनं क्षणाचाही विचार न करता ट्रकच्या जोडीवर हात ठेवला. "हे. जाड ते मजबूत."

"शेठ, तुम्ही सिमेंट भरता का द्राक्षं?"

"द्राक्षं."

"मग हे कशाला? हे भारी वजनासाठी. हलक्या मालाला गाडी लाकडासारखी होईल. खड्डा सीधा पेटीत जाईल. पहिले नरम आहेत, पर आखूड. परत तेच ठक्क. राहिले हे."

"हे काड्या?" कारभारीचा चेहरा पडला. एवढी उंच, रुबाबदार गाडी आणि तिला असले पाय, हे त्याला पटेना.

"पन हे पुरतील का?" चतुराबाईनं मधेच विचारलं. "गाडी भरली की खाली बसनार. तवा हे लांब पडून टेकले तं? मग खालून ठक्क व्हईल."

अब्बासनं कानावरची विडी काढून दुसऱ्या कानावर ठेवली. "बरोबर विचारलं. वर जायला पन जागा पाहिजे, खाली यायला पन. भरल्या गाडीवर माप घ्यावं लागेल. पर तुमचा माल तर उतरला."

"मानसं बसवा की."

आणि मग द्वारकेनं त्या दुपारी एक तमाशा बघितला. अब्बासच्या गॅरेजातले दोघंतिघं आधी चढले. शेजारचा पंक्चरवाला आला, दोन टांगेवाले आले. एवढी माणसं उंच गाडीत चढताना बघून रस्त्यावर ताटकळलेल्यांना वाटलं, ही सवारीची गाडी. ते धावत आले. एक जण लोखंडी ट्रंक घेऊन आला आणि "धुळे का?" म्हणून विचारत चढलासुद्धा. चतुराबाई खाली उभी राहून पेट्यांच्या हिशेबानं त्यांना बसवत होती. "तुमी बसा. तुमी बी बसा. तुमी नका, तुमी दोन पेट्यांचं हाय, गाडी लय बसंल."

अब्बास गाडीखालून म्हणाला, "माप कशानं घेऊ? टेप कुठं गेली देव जाणे."

चतुराबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि निळा दोरा त्याच्या हातात दिला. भरल्या गाडीचं माप घेऊन तिनं दोऱ्याला एक गाठ मारली. मग माणसं उतरवायची वेळ आली. टांगेवाले उतरले, पण ट्रंकवाला हलेना. "गाडी जात नाय तं मला बसवलं कशाला?" त्याचा प्रश्न रास्त होता. शेवटी कारभारीनं सगळ्यांना चहा सांगितला, तेव्हा तो उतरला. रिकाम्या गाडीची दुसरी गाठ. मागचं अंग जॅकवर उचलून, चाकं लोंबकळत ठेवून तिसरी गाठ. मग दोघांनी तो दोरा गोणपाटावर किडकिडीत शॉकअपशेजारी ताणून धरला. भरल्या गाडीची गाठ बरोबर मधल्या जागेत आली. दोन्हीकडे जायला वाव होता.

"हेच," चतुराबाई आणि अब्बास एकदमच म्हणाले. कारभारी नाइलाजानं हो म्हणाला, पण परतीच्या वाटेवर चांदोरीच्या खड्ड्यांत त्याचाही चेहरा बदलत गेला. गाडी एकदा दबायची, एकदा उठायची आणि गप्प व्हायची. मागं बसलेल्या चतुराबाईनं बाजारातून ताटात नव्यानं घेतलेले मणी या वेळी ताटातच राहिले. तिनं ते सगळे खाऊन टाकले. हात गेला नव्हता. हे तिला आधीपासून ठाऊक होतं, पण आता ते ताटात दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी नवा माल गेला. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा चतुराबाई मांडवाखालून धावत पुढं गेली. कारभारी गाडीतून उतरला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्यांच्या पेट्या चोख निघाल्या. अडत्या खूश हाय."

"आन माझ्या?"

"निळा दोरा तसाच, चतुराबाई. मनी थोडे कमी गळाले, पन गळालेच. शॉकअप बी बदलले, आता काय करू सांगा."

विमलाबाईनं मान खाली घातली. तिलाही बरं वाटत नव्हतं. चतुराबाई घरी आली आणि ओट्यावर बसून आपले हात उलटसुलट करून बघत राहिली. पहिल्यांदाच तिला त्या हातांची भीती वाटली. खरंच गेले असतील तर? बाकीच्यांचं गळणं थांबलं आणि आपलंच थांबलं नाही, याला दुसरा काय अर्थ?

देवराम आत भाकरी खात होता. तो तिथूनच म्हणाला, "सोड आता. मनी निवडू. बसून काम, सावलीत काम. काय वाईट हाय?"

चतुराबाईनं वळून बघितलं. हा माणूस बसून काम करायचं म्हणतोय? बसल्याजागी ज्याला मुंग्या येतात तो? पण त्या दिवसांत देवरामचं सगळंच वेगळं चाललं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत पुढचा मोठा झेंडा दरवर्षी त्याच्या हातात असायचा. यंदा मंडळाची पोरं विचारायला आली, तर म्हणाला, आता तुमी धरा. तेव्हाही तिला प्रश्न पडला होता. पण तिच्याकडे इतके प्रश्न असायचे, की घरातला मागं राहून गेला.

सकाळी ती बागेत गेली ती एकच गोष्ट ठरवून. पेटी नाशकाला गेल्यावर उघडतात. आज ती निघायच्या आधी उघडायची. कारभारीला तिनं तसं सांगितलं. तो वैतागला, पण हो म्हणाला, आणि बोनेट उघडून पाणी बघायला गेला.

पेट्या चढायला लागल्या. आधी विमलाबाईच्या, मग बाकीच्यांच्या. त्यांची माणसं तरणीताठी, पेटी उचलली की अलगद फळीवर. शेवटी देवराम उठला. पहिली निळ्या दोऱ्याची पेटी चढली. चतुराबाई चाकावर पाय देऊन वर गेली आणि पकडीनं झाकणाचे खिळे काढले.

कागदाच्या कातरणावर मणी सुटून पडले होते. गाडी अजून एक तसूही हलली नव्हती.

घड तिनं स्वतः बसवला होता, देठ तपासून. झाकण ठोकताना ती समोर होती. मग या एवढ्याशा वाटेत झालं काय? तेवढ्यात तिच्या पायाखालची फळी 'धप्प' करून हादरली. तिनं मान वर केली.

दुसरी पेटी चढली होती आणि देवराम तिसरी घेऊन आला होता. पेटी पोटापर्यंत सहज आली. छातीपर्यंत त्यानं ती गुडघ्याच्या आधारानं आणली. आणि पुढं त्याचा उजवा हात वर जाईचना. उंच करायच्या आधी गाडीची फळी कमरेशी यायची, पेटी नुसती सरकवायची असायची. आता ती छातीला लागत होती. देवरामनं ओठ दाबले, डाव्या हातानं झोका दिला आणि पेटी वर फेकली. धप्प. मग कुणी बघत नाही ना, हे बघून त्यानं त्या पेटीवरून हात फिरवला, पडलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवतात तसा.

चतुराबाईच्या मस्तकात संताप गेला. एवढे दिवस लोक माझ्या हाताला नावं ठेवतायत, आणि हा माणूस शेजारी बसून ऐकतोय! खाली उतरावं आणि सगळ्यांदेखत विचारावं, असं तिला वाटलं. पण तो हात अजून पेटीवरून फिरत होता. तिला रडू यायला लागलं. नवऱ्याचा खांदा गेला आणि आपण ताटातले मणी मोजत बसलो, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. सांगितलं तर काय होणार हेही तिला दिसत होतं. जोडीतला माणूस पेटी चढवू शकत नाही म्हटल्यावर देवराम पुन्हा कुणाला "सरका" म्हणू शकणार नव्हता. द्वारकेला पायाखाली धरलेला तो शॉकअप तिला आठवला. हिसका दिला की तो अडून बसत होता.

"काय निघालं?" कारभारी हात पुसत आला. त्यानं पेटीत बघितलं. "गळाले! गाडी हलायच्या आधीच? म्हंजे चतुराबाई, हे तुमच्या भरन्यातच—"

देवराम जागीच थांबला.

"दादा," चतुराबाई म्हणाली, "इथं हात ठेवा. दाबा."

कारभारीनं फळीचं टोक दाबलं. गाडी खाली गेली आणि वर आली.

"बघा, उसळती का नाय? पेटी ठेवली की फळी दबती आन परत वर येती. तेवढ्यात मनी सुटतात. माझ्या पेट्या तोंडाशी, आन टोकच जास्त हलतं. शॉकअप नवे हाईत. माल भरायच्या वक्ताला त्यांना आराम पायजे. मागची चाकं त्या कोरड्या चारीत घालायची, म्हंजे भार मागं बसतो, शॉकअप आधीच दबून ऱ्हातात, दनका बसत नाय."

कारभारीनं संशयानं विचारलं, "हे कोनी सांगितलं?"

"अब्बासभाईनं," चतुराबाई म्हणाली. "तुमी चहा सांगायला गेला व्हता तवा."

अब्बासचं नाव निघाल्यावर कारभारीला बोलायला जागा उरली नाही. त्यानं गाडी मागं घेतली. मांडवाशेजारी पाण्याची चारी होती, त्या दिवसांत कोरडी. मागची चाकं तिच्यात उतरली आणि फळी खाली येऊन देवरामच्या कमरेशी थांबली. त्यानं फळीकडे बघितलं. मग चतुराबाईकडे बघितलं. ती पेटीला दोरा बांधत होती. त्यानं पेटी उचलली, फळीवर टेकवली आणि आत सरकवली. खस्स एवढाच आवाज झाला.

त्या दिवशी निळा दोरा चोख निघाला. दुसऱ्या दिवशीही. अडत्यानं म्हणे स्वतः घडातला एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाला, बाईचा हात परत आला.

कारभारी इतका खूश झाला, की पुढच्या खेपेला चतुराबाईला घेऊन मुद्दाम द्वारकेला गेला. "अब्बासभाई," तो गाडीतूनच ओरडला, "लय नामी सांगितलं तुमी! चारीत चाकं घालतो आता रोज. शॉकअपला आराम पडतो!"

अब्बास एका ट्रकखालून बाहेर आला. त्यानं कारभारीकडे बघितलं, मग चतुराबाईकडे. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. अब्बासनं चिंधी घेतली आणि एकेक बोट सावकाश पुसलं.

"हां," तो म्हणाला. "आराम तर पाहिजेच. लोक ऐकत नाहीत, म्हणून सांगत नाही कुणाला."

कारभारी चहा सांगायला गेला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "आराम नेमका कुणाला पाहिजे होता, भाभी?"

"शॉकअपलाच," चतुराबाई म्हणाली.

अब्बासनं पुढं विचारलं नाही. कारभारीनं मात्र ही विद्या भेटेल त्याला शिकवली, आणि त्या उन्हाळ्यात आसपासच्या दोनचार बागांत लोक माल भरताना धडधाकट गाड्यांची मागची चाकं चारीत घालू लागले.

एका सकाळी देवराम तिच्या आधीच घरातून निघाला. चतुराबाई बागेत पोचली तेव्हा तो चारीत उभा होता, फावडं घेऊन. चाकांच्या जागची माती डाव्या हातानं ओढून ओढून काढत होता. ती काठावर थांबली.

"जरा खाली घेतो म्हनलं," तो मान वर न करता म्हणाला. "शॉकअपला बरं पडंल."

"घ्या की."

थोडी माती निघाली. "अब्बासभाईनं खरंच सांगितलं व्हतं?"

"मग काय, मी सांगितलं?"

"हुशार हाय तो."

"लय."

तिनं घमेलं आणून त्याच्यापुढं ठेवलं. देवरामनं त्यात माती भरली, आणि फावड्यावर टेकून तसाच उभा राहिला. मांडवावर चिमण्या ओरडत होत्या.

"संक्रांतीपासून हात वर जात नाय गं माझा," तो म्हणाला.

"ठाऊक हाय," चतुराबाई म्हणाली. "सरका, ही माती मी वडते."